वेळ न लिहिलेला कागद

मुंबईला चार दिवस राहून आले आणि समुद्र पाहिला नाही, असं सांगितलं की आमच्याकडची माणसं आधी हसतात आणि मग मी थापा मारतेय असं समजतात. समुद्र मला घरीच दिसतो. देवगडच्या अलीकडे आमचं उपकेंद्र आहे, त्याच्या मागच्या पायरीवर उभं राहिलं की पुरे. मी मुंबईला गेले होते एका सहीसाठी. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली आणि भांडुप, एवढीच माझी मुंबई, आणि तीही फाइल छातीशी धरून पाहिलेली. तालुक्यातल्या सिस्टर भेटल्या की विचारतात, काय काय पाहिलंस? एकेकीला सांगण्यापेक्षा लिहूनच काढते. उद्या त्यांच्यातल्या कुणावर ही पाळी आली तर उपयोग होईल.

आधी पाळी कसली ते सांगायला हवं. मी शैला. बावीस वर्षं नर्स आहे, त्यातली शेवटची पाच समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून. पदाचं नाव भारदस्त आहे. अर्थ एवढाच की आमच्या उपकेंद्रात डॉक्टर नसतो, मी असते. ठरलेल्या यादीतली औषधं मी देते. यादीबाहेरचं काही लागलं तर मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन करायचा, ते सांगतील ते द्यायचं. फोन लागला तर! आमच्याकडे रेंज फक्त आवारातल्या फणसाखाली येते, तीही लहरीप्रमाणे.

शिमग्याच्या आधी आमच्या गावातल्या वयस्कर बाबी तात्यांना काजूच्या बागेत गांधीलमाशा चावल्या. शेजाऱ्यांनी रिक्षातून आणलं तेव्हा ओठ सुजून निळे पडलेले, श्वासाला शिटी, नाडी बोटाला लागत नव्हती. अशा वेळी द्यायचं इंजेक्शन एकच, ॲड्रेनलिन, आणि ते काही मिनिटांत द्यावं लागतं. ते माझ्या ट्रेमध्ये असतं, पण लसीकरणासाठी ठेवलेलं. लस टोचल्यावर कुणाला अशी रिॲक्शन आली तर नर्सने एक डोस द्यावा, हे आम्हाला लेखी दिलेलं आहे. गांधीलमाशी चावली तर काय करावं, ते कुठेच लिहिलेलं नाही. मी फणसाखाली पळाले, दोनदा फोन लावला, लागला नाही. परत आले आणि तात्यांच्या मांडीत इंजेक्शन दिलं. मग पुन्हा फणसाखाली. फोन लागला तोवर तात्या डोळे उघडून बोलायला लागले होते. डॉक्टर म्हणाले, "बरं केलंत सिस्टर. आता ॲम्ब्युलन्स बोलवा."

इथपर्यंत मी चुकले नाही, असं मी अजूनही म्हणेन. चुकले संध्याकाळी. रजिस्टर लिहायला बसले. वेळेच्या रकान्यात खरी वेळ टाकली, दहा वाजून दहा मिनिटं. आणि पुढे हाताने आपणहून लिहिलं, 'मा. वैद्यकीय अधिकारी यांच्या तोंडी आदेशानुसार इंजेक्शन दिले.' हे वाक्य मी बावीस वर्षांत इतक्या वेळा लिहिलंय की ते लिहिताना डोकं लागत नाही. खाली सही केली आणि वही मिटून घरी जेवायला गेले.

दोन दिवसांनी तात्यांना हृदयाचा झटका आला. मुलगा संदीप भांडुपला राहतो, तो त्यांना मुंबईला घेऊन गेला. तिथल्या हृदयाच्या डॉक्टरांनी कागद बघून विचारलं, या वयात हृदयावर ताण आणणारं हे इंजेक्शन कुणी दिलं, कुणाच्या सांगण्यावरून? संदीपने तोच प्रश्न लेखी तक्रार करून सरकारला विचारला. दसऱ्याच्या सुमारास मला नोटीस आली. डॉक्टरांच्या आदेशाचा लेखी पुरावा पंधरा दिवसांत सादर करा, नाहीतर नोकरीवर आणि नर्सिंगच्या रजिस्ट्रेशनवर कारवाई होईल. आदेश तर नव्हताच. होता असं मीच लिहून बसले होते. आणि फोनवरचे ते डॉक्टर, डॉ. निनाद, तोवर आमच्याकडची नोकरी संपवून बोरिवलीला गेले होते. म्हणून मी निघाले.

मुलुंड

उतरले मंदाकडे. मिरजेला आम्ही एका खोलीत राहून नर्सिंग शिकलो. ती मूळची लातूरकडची, आता मुलुंडची झालीय. दार उघडल्या उघडल्या तिने माझ्या हातातली फाइल काढून घेतली आणि ताट पुढे केलं. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. आम्ही भात खाणारी माणसं, भाकरीला मी नेहमी थोडी घाबरते. पण त्या रात्री पहिल्यांदा घास गिळला गेला.

जेवण झाल्यावर मंदाने चष्मा लावून नोटीस वाचली, रजिस्टरच्या पानाची प्रत वाचली, माझ्या मोबाइलमधली कॉलची यादी बघितली. मग चष्मा काढला. "शैले, तुझी वाट लागलीय यार."

"माहितीय."

"नाही माहीत. रजिस्टरमध्ये इंजेक्शन दहा दहाला. फोन लागलाय दहा एकतीसला. एकवीस मिनिटं आधी आदेश कुठून आला? आदेश नसताना दिलंस, हे एक. आणि खोटी नोंद केलीस, हे दुसरं. पहिल्यातून एखादा दया दाखवून सोडेल. दुसऱ्यातून नाही सोडत ना कोणी."

मी म्हटलं, डॉक्टरांनी लिहून दिलं की त्यांनी फोनवर सांगितलं होतं, तर? मंदा म्हणाली, मग सुटशील. आणि ज्याने तक्रार केलीय त्याच्या वाऱ्यालाही उभी राहू नकोस. तिच्या हॉस्पिटलचे वकील नर्सना हेच सांगतात म्हणे. मी मान डोलावली. नंतर तिच्या गॅलरीत बराच वेळ बसले. समोर डोंगराची काळी रेघ दिसत होती आणि मी मनात सारखी एकवीस मिनिटं मोजत होते.

घाटकोपर

दुसऱ्या दिवशी डॉ. निनाद यांची सुट्टी होती, म्हणून मंदा मला तिच्या हॉस्पिटलात घेऊन गेली. म्हणाली, घरी बसून नखं खाण्यापेक्षा बरं. अतिदक्षता विभागात तिच्या बिल्ल्यावर 'नर्स प्रॅक्टिशनर' असं लिहिलंय. त्यासाठी चाळिशी उलटल्यावर दोन वर्षं पुन्हा शिकली. मला तिचा अभिमान वाटला आणि थोडी असूयाही वाटली, खोटं कशाला बोलू.

इथे सगळ्या नर्स एकमेकींना 'स्टाफ' म्हणतात. आमच्याकडे मला पोरं 'बाई' म्हणतात, म्हाताऱ्या 'गो बाय' म्हणतात. मी दाराच्या काचेतून आत बघत उभी होते, तेवढ्यात एका पेशंटचं ब्लडप्रेशर घसरलं. मंदाने भिंतीवरच्या प्लॅस्टिकमध्ये बसवलेल्या एका कागदाकडे नजर टाकली, औषधाच्या पंपाचा आकडा बदलला आणि मोठ्याने म्हणाली, "अकरा बावीस." पलीकडची पोरगी म्हणाली, "अकरा बावीस," आणि लिहिलं. डॉक्टर आले पाचसहा मिनिटांनी. बघितलं, सही केली, गेले. माझ्याकडे जे पाप ठरतंय ते इथे रोजचं काम होतं.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, "म्हणजे तू आपल्या मनाने औषध देऊ शकतेस?"

"त्या कागदाइतकं. अमुक झालं तर तमुक द्या, इथपासून इथपर्यंत. खाली डॉक्टरांच्या सह्या आहेत ना."

"आणि या भिंतीच्या बाहेर?"

"बाहेर मी तुझ्यासारखीच गं. बिल्ला हॉस्पिटलचा आहे. उद्या कोर्टात उभी राहिले तर विचारतील, औषध लिहून द्यायचा अधिकार कोणत्या कायद्याने दिला? मी काय दाखवू, प्लॅस्टिकचा कागद?" ती हसली, पण मला ते हसू काही खरं वाटलं नाही. "म्हणून वेळ मोठ्याने म्हणते. निदान दोघींच्या कानावर तरी असावी."

मग तिने मला खाऊगल्लीत नेलं. तिथे डोशावर चीज, भाज्या, कसकसले सॉस घालून त्याचे तुकडे करून देतात. आमच्या गावी कुणाला सांगितलं तर त्यांना डोशाची दया येईल. फाइल मांडीवर ठेवूनच मी खात होते, कारण बाहेर असताना ती मी खाली ठेवतच नव्हते. व्हायचं तेच झालं. नोटिशीच्या प्रतीवर हिरव्या चटणीचा मोठा ओघळ आला, बरोबर 'कारवाई' या शब्दावर. मंदाला हसू आवरेना आणि मला भर रस्त्यात रडू आलं. डोसेवाल्याने काही न विचारता आणखी दोन कागदी रुमाल पुढे केले.

आरे, आणि पुढे बोरिवली

तिसऱ्या दिवशी मरोळकडून आरे कॉलनीतून जाणारी बस पकडली. लांबचा रस्ता होता, पण मंदा म्हणाली तुला बरं वाटेल. वाटलंही. दहा मिनिटांत इमारती संपल्या आणि झाडं सुरू झाली. गोठ्यांचा वास आला तेव्हा मी खिडकीतून चक्क नाक बाहेर काढलं. म्हशी रस्ता ओलांडत होत्या म्हणून बस थांबली, आणि कुणीही हॉर्न वाजवला नाही. शेजारच्या बाईचा हात दांडीवर होता. हाताची शीर छान वर आलेली, सुई एका झटक्यात बसेल अशी. हा माझा रोग आहे, मी माणसांचे चेहरे विसरते आणि शिरा लक्षात ठेवते. एका वळणावर बिबट्यापासून सावध राहण्याची पाटी होती. बिबट्या समोर आल्यावर काय करावं ते सगळं क्रमाने लिहिलं होतं. मला त्या पाटीचाही हेवा वाटला.

बोरिवलीच्या हॉस्पिटलच्या दारात सिक्युरिटीवाल्याने मोठं रजिस्टर पुढे केलं. नाव, कुणाला भेटायचं, आत जायची वेळ. मी घाईत वेळ लिहिली नाही तर त्याने पेन परत हातात दिलं. "मॅडम, टाइम टाका. टाइमशिवाय एन्ट्री नाही."

डॉ. निनाद कॅन्टीनमध्ये भेटले. वय असेल अठ्ठावीस, माझ्या भाच्याएवढे. पण बावीस वर्षांच्या सवयीने मी उठून उभी राहिले आणि 'सर' म्हणाले. "अहो सिस्टर, बसा ना," म्हणून त्यांनी स्वतः चहा आणला. मुलगा चांगला आहे, तेव्हाही होता. मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग पिशवीतून कोरा कागद काढून तीन ओळी लिहिल्या. सदर रुग्णास इंजेक्शन देण्याचा आदेश मी फोनवरून तोंडी दिला होता. तारीख, सही.

माझा जीव भांड्यात पडला. घरातून निघाल्यापासून ज्यासाठी देवाला नवस बोलत होते, ते हातात होतं. मी कागद दोनदा वाचला. "सर, वेळ लिहायची राहिली."

त्यांनी पेन खिशात ठेवलं. "वेळ नको, सिस्टर."

"पण आदेशाच्या कागदावर..."

"वेळ लिहिली तर खरी लिहावी लागेल, मग या कागदाचा उपयोग काय? खोटी लिहिली तर मोबाइल कंपनीकडून कॉलची यादी मागवतील. तुम्ही अडकाल आणि मीही. सक्तीची सरकारी सेवा पूर्ण केल्याच्या माझ्या सर्टिफिकेटवर अजून सही व्हायचीय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी तिथे असतो तर मीही तेच केलं असतं. पण मी डॉक्टर आहे. मला कुणी विचारलं नसतं."

त्यांच्याही कपाळावर घाम होता. मला त्यांचा राग आला नाही, आणि तेच जास्त जड गेलं. बाहेर पडताना सिक्युरिटीवाल्याने पुन्हा रजिस्टर पुढे केलं. बाहेर जायची वेळ मी नीट लिहिली, बारा अठ्ठेचाळीस.

भांडुप

चौथ्या दिवशी संध्याकाळची गाडी होती. काम झालं होतं. मंदा म्हणाली, दुपारभर झोप आता. पण तात्यांना बघितल्याशिवाय माझा पाय निघेना. आपण सुई टोचलेला पेशंट नंतर कसा आहे, हे न बघता मी कधी ड्यूटी सोडलेली नाही. पत्ता तक्रारीच्या प्रतीवरच होता. मंदा खूप चिडली. "तू गेलीस हे मला माहीतच नाही, काय! मी काही ऐकलं नाही," म्हणाली आणि वर रिक्षाही तिनेच थांबवून दिली.

भांडुपच्या डोंगरउतारावर घरं पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जातात. निम्म्या दारांतून मालवणी ऐकू येत होती आणि कुठेतरी सुकी मासळी भाजत होती. मला क्षणभर वाटलं, मी परत पोचले की काय. तिसऱ्या वळणावर दम लागला म्हणून थांबले. तो नुसता पायऱ्यांचा दम नव्हता.

दार संदीपने उघडलं. पस्तिशीचा, अंगात कंपनीचा शर्ट. "तुम्ही त्या सिस्टर ना? गावच्या?"

मी हो म्हणेपर्यंत आतून आवाज आला. "कोण, बाय इली? ये गो ये, भायर कित्याक उभी?"

तात्या खाटेवर बसले होते. बारीक झालेले, पण ओठ गुलाबी. मी आधी त्यांचं मनगट धरलं. नाडी भरलेली होती, एका लयीत चालली होती. ती मोजताना माझे डोळे भरून आले आणि आकडा चुकला, पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं. सुनेने घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ पुढे ठेवली. भांडण असलं तरी आलेल्या माणसाला उपाशी ठेवायचं नाही, हे आमच्याकडचं इथेही टिकून आहे. संदीप मात्र उभाच होता.

"सिस्टर, मला तुमचं वाईट नाही करायचंय," तो म्हणाला. "दिवाळी झाली की हे परत गावाला चाललेत. डॉक्टरने सांगितलं, मी सांगितलं, ऐकतच नाहीत. परत त्या काजूत जाणार. परत चावली तर? तिकडे ठरवणार कोण? तुम्ही इंजेक्शन देणार की फोनची वाट बघणार? मला एवढंच कळायला पाहिजे. त्या दिवशी डॉक्टरने सांगितलेलं की नाही?"

फाइल मांडीवर होती. तीन ओळींचा तो कागद सरकारजमा झाला की माझी नोकरी वाचणार होती. आणि मग कायमचं लिहिलं जाणार होतं की आमच्या उपकेंद्रात आधी फोन लागला, मग सुई टोचली. माझ्यानंतर येणाऱ्या पोरीला हीच नोंद दाखवून सांगतील, बघ, अशी वाट बघायची असते. ती फणसाखाली उभी राहील, आणि आत खाटेवर तात्या असतील नाहीतर दुसरं कुणी.

घास गिळला आणि म्हटलं, "फोन लागला नव्हता. दहा दहाला मी आपल्या मनाने इंजेक्शन दिलं. फोन लागला दहा एकतीसला."

"मग ते रजिस्टरमध्ये आदेश लिहिलंय ते?"

"ते खोटं आहे. सवयीने लिहिलं गेलं. पण खोटं आहे."

मग तात्या संदीपकडे बघून म्हणाले, "एकवीस मिनटां! मी तवसर ऱ्हवलो असतंय काय रे?"

"तात्या, तुम्ही थांबा. आणि झटका आला तो, सिस्टर?"

"त्या इंजेक्शनने आला असेल. नाही असं मी म्हणणार नाही. पण न देता ते माझ्यासमोर गेले असते."

संदीपने एकदा बापाकडे बघितलं. "लिहून देता?" त्याने विचारलं. मी कागद मागून घेतला आणि लिहून दिलं, दोन्ही वेळा घालून. त्याने वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाला, "तक्रार मी मागे नाही घेणार."

"घेऊ नका," मी म्हटलं. "उत्तर मलाही हवंय."

घरी

परत येऊन पहिल्या दिवशी रजिस्टर काढलं. आमच्यात चूक खोडून काढायची नसते. जुनं वाक्य वाचता येईल अशी एकच सरळ रेघ मारायची, बाजूला खरं लिहायचं, सही करायची, तारीख घालायची. तशी रेघ मारली. डॉक्टरांचा कागद पोस्टाने त्यांना परत केला. नोटिशीच्या उत्तरात घडलं ते लिहिलं आणि शेवटी एक विनंती केली, की लसीसाठी जो लेखी नियम आम्हाला दिलाय तो गांधीलमाशीसाठीही द्यावा, म्हणजे पुढच्या सिस्टरला भीतीने खोटं लिहावं लागणार नाही. उत्तर अजून आलेलं नाही. चौकशी लागेल असं कळतंय. पोस्टमनची सायकल वाजली की मी अजून हातातलं काम टाकून दारात जाते.

परवा तात्या गावात आले. काल सकाळी उपकेंद्रावरून काजूच्या बागेकडे जाताना दिसले, खांद्यावर कोयता. मला बघून हात हलवला. मी आत जाऊन ट्रे उघडला. ॲड्रेनलिन जागेवर होतं, मुदत संपायला अजून अवकाश होता. "नऊ चाळीस," मी मोठ्याने म्हटलं. "नऊ चाळीस," आमच्या उपकेंद्राची आशा सेविका म्हणाली आणि तिने लिहून घेतलं. मग मी फणसाखाली जाऊन नवीन डॉक्टरांना फोन लावून पाहिला. लागला नाही.